बंद आणि बुजवलेलं

माझ्या घरात इंग्रजी फॉर्म भरणारा मी पहिला. वडील चंद्रपूर जिल्ह्यात सावलीजवळच्या आमच्या गावात धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, करायचे, आई रोवणीला जायची, आणि घरी काही कागद आला की तो मी शाळेतून येईपर्यंत खुंटीवरच्या पिशवीत पडून असायचा. त्यामुळे फॉर्म नीट भरता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट होती. खाडाखोड नको, रकाना रिकामा नको, अक्षर वाचता आलं पाहिजे. भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं तेही फॉर्म भरण्याचंच. आयुष्यात सगळ्यात नेटका भरलेला माझा फॉर्म तोच. त्यातल्या एका खुणेपायी एका वस्तीची विहीर गेली.

काम सरांनी दिलं होतं. सरांबद्दल वाईट लिहायला आजही हात धजत नाही. मराठी शाळेतून आलेला, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा त्यांनी मागच्या बाकावरून पुढे आणला. माझे इंग्रजी अहवाल ते लाल शाईने दुरुस्त करायचे आणि परत लिहून आणायला सांगायचे. एकदाही हसले नाहीत. वसतिगृह सुट्टीत बंद व्हायचं तेव्हा विभागाच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे ठेवायचे. मी पास झालो तेव्हा आमच्या घरात त्याचा अर्थ कळणारं कुणी नव्हतं. सरांना कळला, आणि त्यांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं होती. चंद्रपूरच्या चिमण्यांचा धूर आम्हाला नवा नव्हता. दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत राखाडी होतं हे तिथल्या कुणीही सांगितलं असतं. पण त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून पाण्यासारखा करायचा आणि जमिनीखाली खोल सोडून द्यायचा, ही कल्पना मी सरांच्या तोंडून प्रथम ऐकली. आपल्या विहिरींच्या कितीतरी पट खाली वाळूचा खडक असतो. भाजलेल्या विटेसारखा तो आपल्या बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवतो, पण ते पाणी खारं असतं, माणूस जन्मायच्या आधीपासून तिथे अडकलेलं. ते कुणाच्याच कामाचं नाही, म्हणून त्याच्या सोबतीला हा वायू ठेवायचा.

सरांनी विभागात काचेची एक पेटी करून घेतली होती. तळाशी वाळू, वाळूत निळं पाणी, वर चिकणमातीचा थर, त्याच्यावर पुन्हा वाळू आणि साधं पाणी. सुईने त्यांनी तळात तेल सोडलं. तेल पाण्याहून हलकं, ते वाळूच्या कणाकणांतून वाट काढत वर आलं आणि मातीच्या थराला लागून आडवं पसरलं. वरचं पाणी स्वच्छ राहिलं. आम्ही सगळे खूश. मग सरांनी स्वेटर विणायची सुई घेतली आणि मातीच्या थरात एकच भोक पाडलं. बघता बघता तेल त्या भोकाकडे सरकलं, आणि त्याच्यामागून निळं पाणीही वर चढलं.

"झाकण देवानं चांगलं दिलंय," सर म्हणाले. "भोकं आपण पाडलेली आहेत. ती मोजल्याशिवाय काही करायचं नाही."

ती भोकं मोजणं हे माझं काम. पूर्वी कधीतरी कोळसा शोधायला, चाचणीसाठी निवडलेल्या पट्ट्यात खोल बोर मारले होते. काही तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरून टाकले होते, काही तसेच सोडले होते. कुठला कसा, याचा कागद कुणाकडे सापडत नव्हता. मी गावोगाव हिंडून प्रत्येक बोर शोधायचा, आणि फॉर्मवर जागा, खोली, आसपासच्या विहिरी आणि शेवटी स्थिती लिहायची. स्थितीच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द छापलेले होते, उघडा आणि बंद. एकावर खूण करायची.

राजुऱ्याहून कोरपन्याकडे जाताना एका फाट्यावर मी खोली घेतली होती. वाट दाखवायला एक मिस्त्री मिळाले. त्या भागातले सगळे हातपंप आणि मोटरी तेच दुरुस्त करायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, मागे पान्यांनी आणि दोरांनी लादलेली मोपेड. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी साहेब म्हणायला सुरुवात केली. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मंग काय म्हणू? पायी फिरणारा साहेब मी पयल्यांदाच पाहून राह्यलो, म्हणून घेऊ द्या."

मिस्त्रींना प्रत्येक बोर माहीत होता. कुणाच्या धुऱ्यावर, कुणाच्या गोठ्यामागे, कशाखाली दबलेला. माझ्याकडे लोखंडी वजन बांधलेली एक लांब दोरी होती. बोर भरलेला असेल तर वजन लगेच टेकतं, नसेल तर दोरी जातच राहते. पहिले दहाबारा बोर मी दोरी सोडूनच तपासले. मग ऊन वाढलं, आणि मिस्त्री जे सांगायचे ते दोरी सांगायची त्याच्याशी जुळतंय असं मला वाटायला लागलं. ते म्हणायचे बंद आहे, मी बंदवर खूण करायचो.

त्या वस्तीवर आम्ही दुपारी पोहोचलो. गावापासून जरा हटून वीसेक बौद्ध घरांची वस्ती, मधोमध विहीर. त्या पट्ट्यातलं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. ही विहीर मात्र गोड होती. छप्पनच्या धर्मांतरानंतर गावच्या विहिरीवर पाणी भरू देईनात, तेव्हा वस्तीतल्या माणसांनी स्वतः खोदलेली. विहिरीला लागून घर असलेल्या बाईंनी हे मला पाण्याचा तांब्या हातात देतानाच सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनी खाली उतरून दगड फोडला होता. मला नवं काहीच नव्हतं. आमच्याही गावात आमची वेगळी विहीर होती आणि ती माझ्या आजोबांनी खोदली होती. मी तसं बोललो तेव्हा त्यांनी मला जेवायला बसवलं.

बोर त्यांच्याच परसात होता. वर पऱ्हाटीची गंजी रचलेली, कपाशीच्या वाळक्या झाडांचा तो डोंगर म्हणजे त्यांचं वर्षाचं सरपण. पाइप कुठे दिसतही नव्हता.

"बंद आहे साहेब," मिस्त्री म्हणाले. "माह्या वडलाच्या टाइमपासून बंद आहे."

बाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "पऱ्हाटी बाजूले करू का जी? मी अन् सून मिळून घटकाभरात करतो."

मी म्हणालो, राहू द्या. दोन बायकांना उन्हात एवढा पसारा हलवायला लावायचा मला संकोच वाटला. नुकतंच त्यांच्या घरी जेवलो होतो. आणि तपासण्याजोगं काय होतं? बंद आहे म्हणून मिस्त्री सांगत होते. मी मांडीवर फळी घेऊन फॉर्म भरला. विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, त्यांना चिठ्ठ्या लावल्या. पाणी गोड असल्याची नोंद केली. अक्षर सुरेख आलं होतं.

पावसाळ्यानंतर चाचणी झाली. वायू अजून लांब होता, आधी पाण्यानेच पाहायचं होतं. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर नवा खोल बोर मारला, खालचं खारं पाणी वर काढून टाक्यांत साठवलं आणि मग तेच मोठ्या पंपाने जोर लावून परत खाली ढकलायला सुरुवात केली. खडक किती पाणी घेतो, दाब कुठवर पसरतो, झाकण धरतं का, हे पाहायचं. मी दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत उतरवायचो. पंप दिवसरात्र चालला. चौथ्या दिवशी दाब वाढायचा थांबला. सर आनंदले. खडक छान पाणी घेतोय, म्हणाले. मीही आनंदलो. दाब दुसरीकडून सुटत असेल तरीही काटा असाच थांबतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आठवड्याने मिस्त्री निरोप घेऊन आले. बाईंच्या घरी वरण शिजत नव्हतं. सकाळपासून चुलीवर ठेवलं तरी डाळीचा दाणा दाणा. आणि वर वरण खारट. बाईंनी सुनेला बोल लावला की तू मीठ दोनदा टाकलं. सून म्हणाली, मी टाकलंच नाही, तुम्ही टाकलं म्हणून. दोन दिवस सासूसुनेचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातही वरण शिजलं नाही, तेव्हा दोघींचा समेट झाला.

मी गेलो तेव्हा पऱ्हाटीची गंजी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली होती. मिस्त्रींनी ती हलवायला लावली होती. खाली गंजलेला पाइप, तोंडावर सपाट दगड, आणि दगडाच्या भोवतीची माती ओली. मिस्त्रींनी दगड सरकवला. पाइप काठोकाठ भरलेला होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. काट्यांजवळच्या टाकीतलं पाणी मी असंच चाखलं होतं. चव तीच होती.

बाई बाजूला उभ्या होत्या. मिस्त्री उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही काय लिहिलं होतं याच्यापुढं?"

"बंद."

"मंग बरोबर लिहिलं. बंदच होता. साहेब, बंद म्हणजे चालत नाई. मोटर बंद आहे, पंप बंद आहे, तसा हा बंद आहे. बुजवला आहे असं म्हणलो का मी?"

नव्हते म्हणाले. मी मनात आधीच्या सगळ्या खुणा मोजायला लागलो. जिथे त्यांनी बंद म्हटलं आणि मी दोरी सोडली नाही असे आणखी किती.

या चुकीबद्दल इतर कुणाला काही सबब सांगता येईल, पण मला नाही. शहरात वाढलेल्या माणसाने ती केली असती तर समजलो असतो. पण पावसाळ्यात बांधीच्या पाळीवरून हिंडून खेकड्यांची बिळं बुजवणं हे माझं लहानपणीचं काम होतं. एक बीळ राहिलं तर सकाळी बांधी कोरडी. नुसतं तोंडावर चिखल थापून भागत नाही. हात खांद्यापर्यंत आत घालायचा, बीळ कुठवर गेलंय ते बघायचं, तणसात मळलेली माती तळापासून भरत यायची आणि टाचेने रेटायची. याला बुजवणं म्हणतात. पुढे मी वडिलांना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेटवायला घेतलेली विडी खाली ठेवली. मग म्हणाले, "बंद अन् बुजवणं तुले माईत नाई? माह्यासंग काय करत होता बांधीत?" त्यांनी मला शिकायला पाठवलं होतं. बांधीत जे येत होतं तेच मी शिकून विसरलो, असं ते म्हणाले नाहीत, पण दुसरं काय म्हणायचं होतं त्यांना?

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शब्दाचं, दोरीचं, पऱ्हाटीचंही. सर शांतपणे ऐकत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, चूक कुणाची हे मी विचारणार नाही. पंप थांबवला आहे, दाब उतरला की पाणी खाली जाईल, दोन पावसाळ्यांत विहीर धुऊन निघेल. मग कपाटातून माझा फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हा तुझ्या हातचा आहे," ते म्हणाले. "हे बाहेर गेलं तर मला काही होणार नाही, मी निवृत्तीला आलोय. तुझं आत्ताच सुरू होतंय."

त्यांनी धमकी दिली नव्हती. त्यांना खरोखर माझी काळजी होती, आणि मी इतकी वर्षं ते वाक्य मनात फिरवून पाहिलंय, मला त्यात धमकी सापडत नाही. सापडली असती तर मी त्यांच्यावर रागावू शकलो असतो. अहवालात विहिरींच्या कोष्टकातून ती विहीर काढायची ठरलं, अभ्यासक्षेत्राच्या कडेवर येते म्हणून. आणि एक ओळ घालायची, की या परिसरातील भूजल मुळातच काही ठिकाणी खारं आहे. ती ओळ खोटी नव्हती. त्या पट्ट्यात तशी ठिकाणं आहेत. फक्त ही विहीर तशी नव्हती, आणि ते माहीत असलेला माणूस मी होतो. दोन बाटल्यांवर माझ्याच हातच्या चिठ्ठ्या होत्या. मी ओळ टाइप केली, कोष्टक दुरुस्त केलं. त्याच आठवड्यात सरांनी एका महाविद्यालयाला माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. फार चांगलं पत्र होतं. मी आजही त्याच नोकरीत आहे.

विहीर धुऊन निघाली नाही. दोन पावसाळे गेले. मी सुट्टीत एकदा वस्तीवर गेलो होतो, कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन गावच्या नळावर जात होत्या, म्हणजे ज्या विहिरीवर सासऱ्यांना चढू दिलं नव्हतं तिच्याच शेजारी लागलेल्या नळावर. गावातली माणसं आता अडवत नव्हती. पण आधी गावाचं भरून होईपर्यंत वस्तीच्या हंड्यांनी थांबायचं, एवढा नियम कुणी न सांगता पडला होता.

बाईंनी मला बसायला सतरंजी टाकली. त्यांना तक्रार करायची नव्हती, कागद हवा होता. वस्तीला वेगळा नळ मिळावा म्हणून त्यांनी तालुक्याला अर्ज केला होता. तिथल्या माणसाने कुठला तरी अहवाल दाखवून सांगितलं, की इथलं पाणी मूळचंच खारं आहे, नुकसान झालंय असं कसं म्हणता.

"तुम्ही आमच्या घरी पाणी पेलं आहे," बाई म्हणाल्या. "बाटल्या भरून नेल्या. पाणी गोड होतं एवढंच लिहून द्या, भाऊ. दुसरं काई लिहू नका."

मी म्हणालो, सरांना विचारून सांगतो.

त्या हो म्हणाल्या. कुणाला तरी विचारावं लागतं हे त्यांना समजण्यासारखं होतं, त्यांचं सगळं आयुष्य विचारण्यातच गेलं होतं. मी सरांना विचारलं नाही. त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. याला मी कृतज्ञता म्हणत होतो. खरं तर मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा कृतज्ञता हा शब्द चांगला दिसतो, आणि चांगले दिसणारे शब्द निवडायला मी तोवर शिकलो होतो.

प्रकल्प पुढे गेला नाही. धूर कधी खाली सोडलाच नाही. चिमण्या आहेत तशा आहेत. त्या सगळ्या खटाटोपातून जमिनीत जे बदललं ते एवढंच, एक विहीर. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना खडकातून पाणी कसं वाहतं ते शिकवतो. काचेची पेटी मीही करून घेतली आहे. सुईने भोक पाडतो तेव्हा मुलं हमखास पुढे झुकतात.

सर निवृत्त होऊन गावी गेल्यावर काही वर्षांनी मी तो कागद लिहिला. महाविद्यालयाच्या छापील कागदावर, मराठीत. विहिरीचं पाणी चाचणीपूर्वी गोड होतं. जवळचा बोर बुजवलेला नव्हता. मी तो बुजवलेला म्हणून नोंदवला ही माझी चूक. खाली सही आणि पूर्ण नाव. मग तो टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेलो.

विहिरीच्या जागी पऱ्हाटीची गंजी होती. आधी मला वाटलं मी चुकीच्या परसात आलो. बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण ओळखलं त्यांनी. मी विचारलं, "विहीर बंद केली का?"

"बंद नाई जी. बुजवली," त्या म्हणाल्या. "कोणी पोरगंगिन पडलं असतं. मुरूम टाकला, वरून धुम्मस केला. मिस्त्रीभाऊ होते तवा, त्यायनंच करून घेतलं. तळापासून."

मिस्त्री त्याच्या पुढच्या वर्षी वारले होते.

मी कागद दिला. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून त्यांनी सगळा वाचला, सहीपर्यंत. मग एकदा परत पहिल्या ओळीवर गेल्या.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आता हे कोणाले दाखवू? तवा पाहिजे होतं."

आणि होत्या त्याच घड्यांवर कागद मुडपून त्यांनी माझ्या हातात परत दिला. रागाने नाही. एखाद्याची राहिलेली वस्तू द्यावी तसा. मी तो खिशात ठेवला. त्यावर कुठेही खाडाखोड नव्हती.